गढूळ आणि नितळ

मनीच्या बाबांना उभ्या आयुष्यात कधी काही वाईट म्हणून वाटलं नाही. निदान ते तसं म्हणत तरी. चहा पांचट झाला, तर छान आहे. दाढेने गाल सुजला, तर ठीक आहे, उतरेल. एकदा न्हाव्याने डाव्या बाजूचे केस पार उडवले, तर आरशात बघून म्हणाले, हलकं वाटतंय. अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. त्यांनी मनीच्या आईला विचारायला हवं होतं. ती बिचारी जाईपर्यंत अंदाजानेच मीठ घालत राहिली.

आणि हा माणूस नोकरीला कुठे होता, तर पाणी खात्यात, तक्रारींच्या खिडकीवर. सकाळी खिडकी उघडली की लोक तणतणत यायचे, हे शांतपणे ऐकून घ्यायचे, लिहून घ्यायचे, आणि पुढच्याला बोलवायचे. दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून ऐकून त्यांनी एक पक्कं ठरवलं असावं, की आपण मेलो तरी कुणाच्या खिडकीपुढे जाऊन उभं राहायचं नाही.

मनी त्यांची एकुलती एक. ऑफिसात तिला मॅडम म्हणतात, चाळिशीला टेकलीय, पण घरात ती मनीच. तिची कंपनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाला लावायची यंत्रं बनवते, आणि त्या यंत्रांच्या आत जो प्रोग्रॅम असतो तो लिहिणाऱ्यांत मनी आहे. आता गंमत बघा. जगाच्या कानांची काळजी वाहणारी ही बाई, आणि तिच्या स्वतःच्या घरात बापाचं यंत्र टेबलाच्या खणात पडून होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ते कळलं तेही अगदी वाईट रीतीने. मनी आणि तिचा नवरा दोघं कामावर जातात. मुलगी दुपारी शाळेतून येते तेव्हा घरी आजोबा असतात. मुलीला सगळे चिमणी म्हणतात, आणि आवाज ऐकला की का म्हणतात ते सांगावं लागत नाही. तर एके दुपारी चिमणीने बेल वाजवली, परत वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या, आणि आत आजोबा आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. शेवटी समोरच्या बाईंनी तिला आपल्या घरात घेतलं आणि मनीला फोन केला. मनी धावत घरी आली तेव्हा पोरगी रडून रडून लाल झालेली होती. बाबांना काय झालं ते कळलं, तसे ते खुर्चीतच इतके लहान झाले की मनीला त्यांच्यावर रागावता येईना.

यंत्र कुठेय, तर खणात. का, तर विसरलो. त्रास होतो का त्याचा? छे गं, तुमच्या कंपनीचं यंत्र म्हणजे उत्तमच, माझंच डोकं ठिकाणावर नाही.

मनीचा नवरा काही दुष्ट माणूस नाही. सासऱ्यांना तो कधी उलटून बोलला नाही. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने शाळेजवळच्या पाळणाघरात जागा आहे का ते विचारून टाकलं. जागा होती. येत्या महिन्यापासून चिमणी शाळा सुटली की तिकडे जाणार, आणि संध्याकाळी आईबाप तिला घेऊन येणार. मनीने बाबांना विचारलं, चांगलं होईल ना असं केलं तर? बाबा म्हणाले, छानच होईल, तिला मैत्रिणी मिळतील. आणि पेपर उघडून बसले. पान काही उलटलं नाही त्यांनी, ते मनीला दिसलं.

एवढंच होतं सगळं. चिमणीबरोबरची दुपार गेली असती तर त्या माणसाकडे दुसरं काय उरलं असतं? मनीला ते कळत होतं, नवऱ्यालाही कळत होतं, पण दाराबाहेर रडणारी मुलगी एकदा डोळ्यांपुढे आली की शहाणपण सुचत नाही.

मनीला शंका वेगळीच होती. बाबांच्यासारखी जुनी यंत्रं वापरणारे काही लोक कंपनीला लिहायचे, की बारीक, उंच आवाज आला की त्याच्यामागून काहीतरी थरथरतं. हे बाहेरच्याला ऐकू येत नाही, ज्याच्या कानात यंत्र आहे त्यालाच येतं. नव्या यंत्रांबद्दल ही तक्रार कुणीच केली नव्हती. म्हणजे मधल्या काळात कुठल्या तरी बदलाने हे दुखणं आपोआप बरं झालं होतं. कुठल्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवं यंत्र कानाच्या आत बसणारं, आणि बाबांचा कान वाहतो म्हणून डॉक्टरांनी ते साफ नाही म्हणून सांगितलेलं. नवा अख्खा प्रोग्रॅम जुन्या यंत्रात मावत नव्हता. पण तो एकच नेमका बदल सापडला असता, तर तेवढाच उचलून जुन्या यंत्रात टाकता आला असता.

शोधायचा कसा? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे एक टूल असतं. प्रोग्रॅममध्ये केलेला प्रत्येक बदल ते ओळीने जपून ठेवतं, आणि त्यातच दोष हुडकायची एक सोय असते. पाइपाच्या लांब लाइनीत घाण कुठून शिरतेय ते बघायला मधलंच झाकण उघडावं, तिथे घाण असेल तर अलीकडे शोधावं, नसेल तर पलीकडे, तशी. टूलला प्रोग्रॅमची एक जुनी आवृत्ती दाखवायची, एक नवी दाखवायची. ते बरोबर मधली काढून देतं. तुम्ही ती तपासून ‘चांगली’ का ‘वाईट’ एवढंच सांगायचं. अर्धा ढीग बाजूला पडतो, उरलेल्याच्या मधली आवृत्ती पुढे येते. असं करत करत नेमक्या बदलावर बोट पडतं.

ऑफिसात तपासणीसाठी रबराचं एक डोकं आहे. त्याला सगळे टकलू म्हणतात. मनीने टकलूच्या कानाला यंत्र लावून बघितलं, पण टकलूला जुनं नि नवं सारखंच. शेवटी कान खराच हवा होता. मग तिने सुट्टीच्या दिवशी ऑफिसातून तपासणीची डबी घरी आणली. त्या डबीत कुठलीही आवृत्ती चढवता यायची, आणि तिच्यातून निघालेली वायर बाबांच्या कानामागच्या यंत्राला जोडता यायची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, डबी, वायरी. एका खुर्चीत बाबा, त्यांच्यासमोर चिमणी गोष्टीचं पुस्तक घेऊन. तिने वाचायचं, बाबांनी ऐकायचं, मनीने लिहायचं.

यात एक मोठीच गोम होती. ही सोय मुळात काय कधी बिघडलं ते शोधायला केलेली. तिच्या हिशेबात जुनं ते चांगलं आणि नवं ते वाईट. मनी शोधत होती काय कधी सुधारलं ते. म्हणजे टूलचं समाधान करायला तिला दुखणं असलेल्या आवृत्तीला चांगली म्हणावं लागणार, आणि दुखणं गेलेल्या आवृत्तीला वाईट. तिने एका कागदावर ठळक ‘उलटं’ असं लिहून तो स्क्रीनच्या कडेला चिकटवला आणि कामाला लागली.

चिमणीने वाचलं. मनीने विचारलं, कसं आहे, बाबा? छान, बाबा म्हणाले. मनीने उलटा विचार करून ‘वाईट’ दाबलं. दुसरी आवृत्ती. छान. तिसरी. छानच आहे गं. चिमणी वाचून वाचून पेंगायला लागली, मनीला पाणी पिऊन येईपर्यंत आपण सुलटं दाबतोय की उलटं ते आठवेना, आणि शेवटी टूलने मोठ्या ऐटीत निकाल दिला. सापडलेल्या बदलात कुणीतरी स्पेलिंगची एक चूक दुरुस्त केली होती. तीही अशा ओळीत, जी यंत्र वाचतच नाही.

मनीने कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे दाढी म्हणतात, आणि तो सुट्टीच्या दिवशी फोन उचलतो हे त्याचे उपकार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसला. मग म्हणाला, अगं, ते शब्द काही दगडावर कोरलेले नाहीत. शोध सुरू करतानाच टूलला सांगता येतं, जुन्यासाठी अमुक शब्द, नव्यासाठी तमुक, आणि मग ते तुमच्याच शब्दांत बोलतं. विसरलीस तर कुठले शब्द ठरले होते तेही सांगतं. मात्र अर्ध्यात बदलता येत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. इतकी वर्षं मनी ते टूल वापरत होती आणि ते पान तिने कधी उघडलंच नव्हतं. दाढीने ते सोमवारी साऱ्या ऑफिसला सांगितलं असणार यात शंका नाही.

फोन ठेवून ती शब्द शोधायला बसली आणि बसल्या बसल्या तिचं लक्ष आपण टिपलेल्या उत्तरांकडे गेलं. सगळी एकच. एकाही आवृत्तीला बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. घोळ उलट्यासुलट्याचा नव्हताच.

तिने गुपचूप एक केलं. डबीत बाबांच्या जुन्या यंत्रात असलेलीच आवृत्ती चढवली, जी त्यांनी खणात टाकली होती तीच, आणि चिमणीला वाचायला लावलं. कसं आहे, बाबा?

“छान आहे.”

“हे तुमचंच जुनं आहे, बाबा. छान आहे तर खणात का ठेवलंत?”

बाबांनी टेबलावरची वायर सरळ केली. मग पुन्हा वाकडी केली. मनीला वाटलं, झालं, आता हे विसरलो म्हणतील आणि आपण रडू. हे असं तोंडावर विचारून उपयोग नाही हे तिला कळत होतं. चांगलं का वाईट असं विचारलं की या माणसाला समोर कुणीतरी दुखावला जाणारा दिसतो, मग तो न्हावी असो, बायको असो, की यंत्र बनवणारी मुलगी. बाबा खोटं बोलत नव्हते, ते सगळ्यांना सांभाळून घेत होते. तिने लॅपटॉप थोडा बाजूला सारला.

“बाबा, तुमच्या खिडकीवर कुणी आलं आणि म्हणालं, पाणी वाईट येतंय, तर तुम्ही काय लिहायचात?”

एवढं विचारलं मात्र, बाबा ताठ बसले. वाईट असं लिहून घ्यायची पद्धतच नव्हती, ते म्हणाले. वाईट म्हणजे काय? माणसाला विचारायचं, गढूळ येतं, की वास येतो, की धार बारीक आहे, की येतच नाही. तो चिडला तरी विचारायचं. वाईट लिहिलं तर लाइनमन जाऊन करणार काय?

मनी म्हणाली, मग हे पाणी समजा. चिमणी बोलतेय ते नळातून येतंय. काय येतंय?

बाबांनी चिमणीकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, जरा आत जाऊन तुझ्या बाबांना बघ गं काय करतायत ते. ती पुस्तक तिथेच टाकून आत पळाली.

“गढूळ,” बाबा म्हणाले. “तिचाच. तुझा आवाज ठीक येतो, जावईबापूंचा येतो. ती ‘आजोबा’ म्हणाली की मागून पत्रा थरथरल्यासारखं होतं, डोक्यात जातं ते. बेलचंही तसंच. म्हणून ती यायच्या सुमाराला मी काढून ठेवायचो आणि घड्याळ बघून दार उघडायचो, त्या दिवशी पेपरात तेवढं राहिलं. तिच्या तोंडाकडे बघून मला कळतं काय म्हणते ते. पोरीचा आवाज सोसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी?”

किती दिवस हा माणूस नातीच्या ओठांकडे बघून हसत होता, आणि आपण मात्र त्याच्या विसरभोळेपणावर तोंडसुख घेत होतो. मनीने त्यांच्या हातावर हात ठेवला. पण खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा तिला सुटल्यासारखंच जास्त झालं. दुखणं खरं होतं आणि त्याला नाव मिळालं होतं. नाव मिळालेल्या दुखण्याला औषध असू शकतं.

तिने शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. टूलला सांगितलं, जुन्याला म्हणायचं ‘गढूळ’, नव्याला म्हणायचं ‘नितळ’. टूलने निमूट ऐकलं. कडेचा ‘उलटं’ लिहिलेला कागद तिने फाडून टाकला, कारण आता उलटं करायला काही उरलंच नव्हतं. जे कानाला येतं तेच दाबायचं. चिमणीला बोलावलं आणि सांगितलं, आजोबा आता पाण्याचा रंग ओळखणार, तू वाच. तिला हा खेळ आधीच्यापेक्षा पुष्कळ बरा वाटला.

आणि बाबा? बाबांनी चष्मा मागवला. ऐकायला चष्मा कशाला, पण खिडकीवर बसताना लागायचा म्हणून लागलाच. गढूळ, त्यांनी सांगितलं. पुढची आवृत्ती आली. नितळ. मनीने चमकून वर पाहिलं, तर ते म्हणाले, थांब, पुन्हा वाचायला सांग. चिमणीने पुन्हा वाचलं. नितळच आहे, लिही. मधे एकदा त्यांनी मान हलवली आणि सांगता येत नाही म्हणाले. मनी म्हणाली, चालेल, टूलमध्ये तीही सोय आहे, ही आवृत्ती सोडून शेजारची घेता येते. बाबांना ते फार आवडलं. आमच्याकडे त्याला फेरपाहणी म्हणायचे, ते म्हणाले, ज्याने कुणी हे केलंय तो खात्यातला असणार.

मनीचा नवरा आतून येऊन दाराशी उभा राहिला होता. त्याला सुरुवातीला काय चाललंय ते कळेना. मग चिमणीने त्याला सांगून टाकलं, की माझा आवाज गढूळ होता, आता आई तो गाळतेय. आजोबांनी लपवलेलं पोरीने दाराआडून ऐकलं होतं आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. मोठ्यांनी जीव मुठीत धरून जपलेली गुपितं मुलांच्या हाती अशी सहज फुटतात. बाबांनी मात्र सुटकेचा असा श्वास सोडला, की टेबलावरचा कागदाचा कपटा उडाला.

टूलने शेवटी बदल दाखवला. वर्णनात लिहिलं होतं, किरकोळ साफसफाई. मोजून पाच-सात ओळी, आणि लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. आपण काय करून ठेवलं ते त्या भल्या माणसालाही कळलं नसेल. मनीने त्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि हसायला लागली. यंत्र बाहेरच्या बारीक आवाजाला आपलाच आवाज समजून दाबायला जात होतं, आणि त्या झटापटीत ती थरथर उठत होती. ‘साफसफाई’त ती झटापट बंद झाली होती. तिने दाढीला फोन केला. या वेळी तो हसला नाही. शाबास म्हणाला, आणि शब्द कुठले ठेवलेस ते विचारलं. तिने सांगितले. तो म्हणाला, चांगले आहेत.

पुढचं ऑफिसातलं सगळं सांगत बसत नाही. साहेबांची परवानगी मिळाली. त्यांना त्या जुन्या तक्रारींचं उत्तर हवंच होतं. टकलूच्या कानाने सगळ्या परीक्षा दिल्या, दाढीने दोन चुका काढल्या, त्यातली एक खरीच होती. महिना संपायच्या आत ते पाच-सात ओळींचं औषध बाबांच्या जुन्या यंत्रात जाऊन बसलं.

त्या दिवशी मनी दुपारीच घरी आली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. आपण उठायचं नाही, आवाज करायचा नाही, हे तिने स्वतःला बजावलं होतं. तरी शाळा सुटायची वेळ झाली तशी ती दर मिनिटाला घड्याळ बघायला लागली. बेल वाजली. क्षणभर काहीच झालं नाही. मनी उठलीच होती, तेवढ्यात बाहेर आरामखुर्ची करकरली, चपला फरफटल्या आणि कडी निघाली.

चिमणीने उंबऱ्यातूनच सुरुवात केली. बाईंनी काय सांगितलं, कुणाचा डबा सांडला, कोण कुणाशी कट्टी आहे, सगळं एका दमात, त्याच आपल्या बारीक आवाजात. मनीने दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा चिमणीच्या तोंडाकडे बघत नव्हते. खाली वाकून तिच्या बुटांची नाडी सोडत होते, आणि तिला मधे मधे उत्तरं देत होते. मनी पलंगाच्या कडेवर टेकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशी रडली.

रात्री जेवायला नवऱ्याने भाजी केली होती. पाळणाघराचं काय करायचं हा विषय ताटाभोवती फिरत होता, पण कुणी काढत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने सासऱ्यांना विचारलं, भाजी कशी झालीय?

“खारट,” बाबा म्हणाले.

सगळे थबकले. जावई तर घास हातात धरून बघतच राहिला. मग तोच आधी हसला, त्याच्यामागून चिमणी, आणि मग बाबाही. भाजी खरंच खारट होती. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

मनीने ती संधी सोडली नाही. चांगलं होईल का, असं तिने या वेळी विचारलं नाही. तिने विचारलं, बाबा, दुपारी चिमणी घरी असते तेव्हा काय काय होतं?

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. दमतो, ते म्हणाले. तिच्या प्रश्नांनी डोकं भणभणतं. कधी कधी माझी झोप राहते. एवढं सांगून ते थांबले, आणि आता नेहमीसारखं ‘तरी ठीक आहे’ येणार असं मनीला वाटलं. तसं आलं नाही.

“आठवड्यातला एखादा दिवस जाऊ दे तिला पाळणाघरात, मी झोपेन. बाकीचे दिवस मला हवेत.”

मला हवेत. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मनीने जन्मात ऐकले नव्हते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, हात धुतले आणि पाळणाघराच्या बाईंना फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेला. त्याच्या मागून बाबांनी हाक मारून सांगितलं, जावईबापू, येताना गरम पाणी आणा, भाजीत घालू, म्हणजे खाता येईल.